कोरडा ट्रॅक

सलमाबाद, टायरच्या दुकानावरची खोली.
ऑगस्टात काचा बाहेरून घामेजतात.
आत मी इम्तियाज परकारचा ट्रॅक उघडतो.
फाइलचं नाव : परकार कोरडा तीन.

कोरडा म्हणजे ठणठणीत कोरडा.
गिटारची वायर सरळ मशिनात,
मध्ये ना अ‍ॅम्प, ना खोली, ना हवा.
तार आणि नख, बस.
ऐकताना वाटतं,
काढलेल्या दाढेच्या जागी जीभ जातेय.

"आत्ता असंच राहू दे," तो म्हणाला होता,
"आवाज मागाहून चढवू."
मागाहून त्याचा व्हिसा संपला.
मीना सलमानच्या क्रेनची चावी
दुसऱ्याच्या खिशात गेली
आणि हा दाभोळला, गिटार पाठीला लावून.
पेडलं इथेच राहिली.
ब्लँकेट आणि भाचीच्या दूध पावडरीतच
तीस किलो भरले होते.

तर आज त्याचा ट्रॅक मी मशिनातून परत बाहेर सोडतोय.
साबणाएवढी एक डबी लागते याला.
आतला दांडगा प्रवाह ती बारीक करते,
इतका, की पेडलला वाटावं
आत्ताच कुणी तार छेडली.
दिवसभर मी प्लांटवर
खाऱ्याचं गोडं होताना गेज बघत बसतो.
मला याचं नवल वाटायला नको.
वाटतं.

हिरवं पेडल, बटण त्याच्या बुटाने झिजलेलं.
मग फझ, झाकणाला बंदरावरचा गंज.
डिले शेवटी.
अ‍ॅम्प बाथरूममध्ये, माईक पालथ्या बादलीवर.
खाली अबू यासिरचा कंप्रेसर फुसफुसतोय,
तो थांबेपर्यंत चहा.
इशाची अजान. शटर खाली.
प्ले.

आणि बाथरूममध्ये परकार वाजवायला लागतो.
तेच दुसऱ्या ओळीला उशिरा येणारं बोट.
मी गुडघ्यांवर बसून बटणं पिळतो.
तो समोर असताना पिळली की ओरडायचा,
"अरे मी हाय ना हितं, मला पण ऐकू येतंय!"
आता मी कितीही पिळू शकतो.
तरी हात हळूच फिरतो.

तिसऱ्या फेरीच्या तोंडावर
टिक् टिटिक् टिक् टिटिक्.

हां. त्याच्या खिशातला मोबाइल.
फोन वाजायच्या आधी गिटारला कळतं
की फोन येणार आहे.
कोरड्यात हे मुंगीएवढं होतं,
दोघांनी ऐकून सोडून दिलेलं.
आता फझमधून
पत्र्यावर सुपाऱ्या ओतल्यासारखं.

कंपनीचा फोन होता तो.
वाजवून पुरं केलं त्याने, मग जिन्यात जाऊन उचलला.
म्हणजे टिकटिकीपासून शेवटच्या सुरापर्यंत
बातमी दारात उभी
आणि हा आत वाजवतोय,
पस्तीस-चाळीस सेकंद.

तो तुकडा मी नऊ वेळा ऐकतो.
कुठे बोट डगमगलं का?
नाही. उलट तिथेच मजेत आहे लेकाचा,
एक जादा मुरकी मारलीय,
जी आमच्यात ठरलीच नव्हती.

टिकटिक कापायला दोन मिनिटं लागतील.
कापली तर तिच्याखालचा अर्धा सूर जाईल.
कर्सर तिथे लुकलुकत ठेवून
मी आहे तसाच पाठवून देतो, दाभोळला.

पाऊण तासाने त्याचा निरोप :
"झ्याक झालाय. पण शेवटाला काय ठिबकतंय?
नळ बंद कर रे."

टिकटिकीबद्दल अक्षर नाही.

मी हेडफोन लावून शेवट ऐकतो.
खरंच. सूर विरत जातो तिथे
एक थेंब, मग डिलेमुळे त्याचे चार,
माझ्याच प्लांटचं गोडं पाणी.

उठतो, नळ आवळतो.
बादलीवर माईक नीट बसवतो.
घे परकार,
पहिल्यापासून.